शिक्क्याला वळसा

पाटीचा नमुना मोबाइलवर आला तेव्हा अक्षता कर्वेनगरच्या कॉलेजातल्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरं: ‘स्व. सुखदेव ओव्हाळ स्मृती डॉक्टर प्रशिक्षण निधी’. पाठवणारे होते येरवड्याच्या ट्रस्टच्या दवाखान्याचे सचिव रावसाहेब. खाली त्यांचा निरोप होता: ‘आपल्या तक्रारीची गांभीर्याने दखल घेऊन संबंधित शिकाऊ डॉक्टर मुलीस कार्यमुक्त केले आहे. पाटीचा मजकूर तपासून कळवावा. धनादेश आपल्या सवडीने. मार्चअखेर आल्यास सोयीचे.’

अक्षताने तो दोनदा वाचला. चार वाक्यांत एक मुलगी काढली, एक पाटी लावली आणि दोन लाख मागितले. इतकं नेटकं लिहिणारा माणूस पुण्यातही आता विरळाच. तिने उत्तर टाकलं, ‘आमच्यात स्वर्गीय म्हणत नाहीत. कालकथित म्हणतात.’ मिनिटभरात पलीकडून अंगठा आला.

अण्णांना, तिच्या वडिलांना, जाऊन पन्नास दिवस झाले होते.

सुखदेव ओव्हाळांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना लेथ शिकवला. त्यांचा एक नियम होता. पोरगं मशीनवर असेल तेव्हा मास्तर हाताच्या अंतरावर उभा. कट झाला की जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, हातात घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा आणि मगच पोराच्या वहीत सही करायची. एका सहकाऱ्याने सुटीच्या घाईत आठवड्याच्या सह्या आधीच करून ठेवल्या, तेव्हा अण्णा त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. “सही म्हणजे मी बघितलं,” ते म्हणायचे. “बघितलं नसेल तर ती सही नव्हे, नक्षी आहे.”

निवृत्तीनंतर साखर तपासायला ते दर महिन्याला ट्रस्टच्या दवाखान्यात जात. तिथे वर डॉ. अवधूत यांची सहाशे रुपये फीची ओपीडी आणि खाली वीस रुपयांच्या केसपेपरवर शिकाऊ डॉक्टरांची ओपीडी. अण्णांना पेन्शन होती, वर जाणं परवडत होतं. ते मुद्दाम खाली जात. अक्षता यावरून त्यांच्याशी अनेकदा भांडली.

“अगं, माझ्या पोरांना शिकायला सरकारनं लोखंड दिलं होतं,” ते म्हणायचे. “डॉक्टरला लोखंड देऊन चालेल का? कुणाच्या तरी पोटावर हात ठेवूनच ती शिकणार. माझं ठेवा म्हणतो.”

एकदा मात्र जेवताना ते म्हणाले होते, “त्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. दुसरी मोठ्या डॉक्टरांची. तिच्यावर कायम फायली असतात. बोललं पाहिजे एकदा.”

बोलायचं राहून गेलं. जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी त्यांना मळमळायला लागलं, थंडीत घाम फुटला, बरगड्यांखाली कुणी मूठ दाबून धरल्यासारखं वाटू लागलं. आईबरोबर चालत दवाखान्यात गेले आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन आले. संध्याकाळी परत दाखवायचं होतं. पावणेसहाला चप्पल घालायला पलंगावर बसले, वाकले, ते उठलेच नाहीत. हृदयविकार होता. साखरेच्या रुग्णांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही, हे अक्षताला नंतर कळलं. ते वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं आहे. तिच्याच ग्रंथालयात तशी तीन पुस्तकं होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींचं बोलणं झाल्यावर चंपाबाई, तिची आई, उभी राहिली आणि म्हणाली, “डॉक्टर पोरांच्या शिक्षणासाठी आम्ही दोन लाख देऊ. यांची तशी इच्छा होती.” पुढच्या ओळीत बसलेल्या रावसाहेबांनी हात जोडले. त्यानंतर चौथ्या दिवशी अक्षताने तक्रार लिहिली. तीत एकच नाव होतं, डॉ. अपेक्षा. कारण ट्रस्टने दिलेल्या टाइप केलेल्या अहवालात दोनच ओळी होत्या: ‘तपासणी: डॉ. अपेक्षा (शिकाऊ). वरिष्ठांचे मार्गदर्शन: होय.’ मार्गदर्शन मिळूनही जी चुकली ती एकटीच चुकली, असा अक्षताने अर्थ लावला. तक्रार तिने चांगल्या मराठीत लिहिली होती, एकही विशेषण न वापरता. ती लागू पडली.

विम्याच्या ऑफिसला शेवटच्या उपचाराचा मूळ कागद हवा होता. शनिवारी ती तो आणायला येरवड्याला गेली.

खिडकीत सरुबाई बसायच्या. केसपेपर फाडणं, फाइली काढणं, झाडणं, सगळं त्यांच्याकडेच. त्यांनी तिला ओळखलं. “मास्तरांची लेक ना? सायबांनी सांगून ठिवलंय, कागद द्या म्हणून.” त्यांनी गठ्ठ्यातून कागद काढला आणि देण्याआधी पदराने पुसला.

अण्णांचं वजन, बिपी, साखर. खाली मुलीचं उजवीकडे झुकणारं अक्षर. खालच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा शिक्का: डॉ. अवधूत यांचं नाव आणि त्याखाली ‘तपासले व मार्गदर्शन केले’. शेवटची ओळ डावीकडून सरळ निघाली होती. शिक्क्यापाशी येताच ती वर चढली, अक्षरं बारीक झाली, शिक्क्याच्या कडेकडेने गेली आणि पलीकडे पुन्हा खाली उतरली. इंग्रजीत लिहिलं होतं: ईसीजी करायचा का, सरांना विचारणे.

अक्षताने आयुष्यात हजारो पुस्तकांवर शिक्के मारले होते. शिक्का मजकुरावर बसतो. मजकूर शिक्क्याला वाट देत नाही. दिली असेल, तर शिक्का तिथे आधीपासून होता.

“सरुबाई, हे शिक्के कधी मारतात?”

“सकाळी. झाडून झालं की मी मारून ठिवते. शंभर. सोमवारी दीडशे.”

“कोरे असताना?”

“मग? पेशंट आल्यावर कुणाला टाइम हाय? सरांनी शिक्का माझ्यापाशीच दिलाय.” त्यांनी ड्रॉवर ओढून दाखवला. आत कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, प्रत्येकाच्या कोपऱ्यात जांभळं नाव.

“मी फोटो काढते. तुमचं नाव घेणार नाही.”

“घ्या की. मी काय चोरून मारते व्हय? खिडकीत बसून मारते.” मग त्यांनी बाकाकडे हनुवटी केली. “ती बघा तुमची डॉक्टरीण. सकाळपासनं बसलीया. जायच्या कागदावर सहा सह्या लागत्यात, दोन झाल्या.”

बाकावर एक बारीक चणीची मुलगी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. अक्षताला जवळ येताना पाहून ती उभी राहिली.

“मी अक्षता ओव्हाळ.”

“माहिती आहे. मी येणार होते तुमच्याकडे.”

“मग आला का नाहीत?”

“घाबरले.”

निदान खोटं तरी बोलत नाही, असं अक्षताच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला. तिने कागद पुढे धरला. “ही ओळ. विचारलंत का सरांना?”

“तीन फोन केले.” अपेक्षाने मोबाइल काढून त्या मंगळवारच्या फोनांचा स्क्रीनशॉट उघडला. तिला शोधावं लागलं नाही. तो पडदा तिने बऱ्याचदा उघडला असणार. दहा बावन्न. दहा अठ्ठावन्न. अकरा दहा. “तिसरा उचलला. म्हणाले, ‘समोर पेशंट आहे, पित्त असेल, गोळी दे आणि संध्याकाळी बोलाव.’”

“ईसीजी तुम्ही स्वतः का नाही काढलात?”

“मशीन वर आहे. खालच्या पेशंटचा काढायचा तर सरांची सही लागते.”

“शिक्का होता की.”

“ईसीजीला शिक्का चालत नाही, ताई. सहीच लागते. शिक्का फक्त मानधनासाठी.”

“कसलं मानधन?”

मुलीने इकडेतिकडे पाहिलं, मग बहुधा तिच्या लक्षात आलं की आता गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. एक कंपनी ट्रस्टला पैसे देते, तिने सांगितलं. हॉस्पिटलच्या वॉर्डात शिकवण्यावर सगळेच खर्च करतात, ओपीडीत शिकवण्याला कुणी पैसे देत नाही, म्हणून ही खास योजना. शिकाऊ डॉक्टरांना त्यातून विद्यावेतन मिळतं आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या वरिष्ठांना प्रत्येक केसपेपरमागे पस्तीस रुपये. शिक्का असेल तर शिकवलं.

“दीड वर्षात किती वेळा शेजारी बसले?”

“उद्‌घाटनाला. कंपनीचे लोक आले होते.”

अक्षताने जिन्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “वर जायला किती पायऱ्या आहेत?”

“बावीस.”

“मोजल्यात?”

“नंतर.”

अपेक्षाचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत, आणि अक्षतानेही रुमाल काढला नाही. “खाली चाळीस पेशंट होते,” मुलगी म्हणाली. “उठून गेले असते तर ओरडा बसला असता. तेवढंच. फक्त ओरडा. ते म्हणाले होते, ‘घाई करू नको पोरी, विचारून घे, मी बसतो.’ चाळीस मिनिटं बसले. मग म्हणाले, ‘संध्याकाळी येतो, तुझी लाइन खोळंबलीय.’”

हे वाक्य अण्णांचंच होतं. दुसरं कुणी ते बनवू शकलं नसतं. अक्षताला वाटलं होतं की खरं कळल्यावर राग उतरेल, निदान जागा तरी बदलेल. तसं काही झालं नाही. तो या मुलीवर होता तेवढा राहिला आणि वरच्या मजल्यापर्यंत पसरला.

“मी तुमच्यावरची तक्रार मागे घेणार नाही,” ती म्हणाली.

“नका घेऊ.”

“अपुरी आहे ती. पूर्ण करायची आहे. चल वर.”

रावसाहेबांच्या केबिनमध्ये पंखा आणि गणपती दोन्ही नवे होते. ते अर्धे उठले. “या, या मॅडम. कालकथित करून घेतलं बरं का. आपण बारकाईनं बघता, छान वाटलं. चहा?” मग त्यांना मागे उभी असलेली अपेक्षा दिसली. “तू इथं कशी?”

“मी आणलंय,” अक्षता म्हणाली. “डॉक्टर अवधूतना पाच मिनिटं बोलवा.”

“ते पेशंट बघताहेत.”

“बघताहेत ना? मग नक्की बोलवा. बघतात कसे ते मला विचारायचंय.”

डॉ. अवधूत आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर दुखवट्याला लागणारा गंभीरपणा तयार. “ओव्हाळ मॅडम, आपलं दुःख मी समजू शकतो. वडील म्हणजे—”

“आपण त्यांना बघितलं होतं?”

“म्हणजे?”

तिने कागद टेबलावर ठेवला. “इथं लिहिलंय, तपासले व मार्गदर्शन केले. त्या दिवशी त्यांच्या अंगात कोणत्या रंगाचा स्वेटर होता?”

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे.

“तिच्याकडे नका बघू. तिला माहितीय. तपकिरी. मी आपल्याला विचारतेय.”

“मॅडम, ही एक पद्धत आहे,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता. “जगभर अशीच आहे. शिकवायचे मला किती मिळतात? कागदाला पस्तीस रुपये. वरचा एक पेशंट सहाशे देतो, आणि त्या सहाशेवर खालचा दवाखाना चालतो. मी खाली जाऊन बसलो तर महिन्याभरात दोन्ही बंद पडतील. मग आपल्या वडिलांसारख्यांनी जायचं कुठं?”

यातलं बरंचसं खरं असावं, हे अक्षताला कळत होतं. तेच तिला सहन झालं नाही.

“मग पस्तीस घेऊ नका,” ती म्हणाली.

“अहो, म्हणूनच तर आपल्यासारख्यांच्या निधीची गरज आहे,” रावसाहेब मध्ये पडले. “पैसा आला की सगळं नीट होईल. आणि जी चूक झाली त्यावर कारवाई केलीच की आम्ही.”

“पत्रात काय कारण लिहिलंय?”

“वरिष्ठांना न विचारता निर्णय घेणे.”

“अपेक्षा, फोन दाखव.”

मुलीने मोबाइल टेबलावर ठेवला. तीन फोनांच्या वेळा, शेवटच्यासमोर एक मिनिट चार सेकंद. रावसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि काढून ठेवला. डॉ. अवधूत यांनी पाहिलंच नाही.

“मॅडम,” रावसाहेब हळू आवाजात म्हणाले, “तक्रार आपलीच होती. नाव आपणच लिहिलं होतं. आम्ही आपल्या शब्दाला मान दिला.”

हे बरोबर जागी लागलं. तिला आठवलं, ती तक्रार लिहून झाल्यावर तिने स्वल्पविराम तपासले होते.

“हो. माझीच होती. मीही न मोजता सही केली,” ती म्हणाली. “उरलेली अर्धी सोमवारी जाईल. एक प्रत त्या कंपनीला, एक वैद्यक परिषदेला. तीन फोन, एक शिक्का आणि खालच्या ड्रॉवरचा फोटो. हिचंही नाव असेल. बावीस पायऱ्या ही चढली नाही, तेही लिहीन. पण आपण किती उतरला नाहीत, ते आधी लिहीन.”

डॉक्टर उठले. “आपल्याला योग्य वाटेल ते करा. बाहेर पेशंट खोळंबलेत.”

“माझे वडील लोखंड शिकवायचे,” अक्षता म्हणाली. “त्यांनी लोखंडालासुद्धा शिकाऊ पोराबरोबर एकटं सोडलं नव्हतं.”

डॉक्टर गेले. रावसाहेबांनी कागद सरळ केले आणि तरीही विचारलं. माणूस चिकाटीचा. “आणि तो धनादेश?”

“दान आईनं बोललंय. आई ठरवेल.”

आईला सांगायचं तिने टाळलं होतं, ते त्या रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. चंपाबाईंनी कागद घेतला, वाचता येण्याइतका दूर धरला आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“म्हणजे यांना कुणी बघितलंच नाही.”

“त्या मुलीनं बघितलं.”

“ती शिकत होती गं. ती बघतेय का, हे कुणी बघितलं नाही.” मग त्या म्हणाल्या, “मी शेजारी स्टुलावर बसले होते. मला वाटलं, दोन डॉक्टरांचं काम एकटी करतेय, हुशार आहे पोरगी.”

“पाटी लावू द्यायची नाही, आई. पैसे पण नाही द्यायचे.”

“पाटी राहू दे. पैशाचं चार लोकांत बोललेय, ते माघारी घेत नसतात.” त्यांनी कागदाची घडी केली. “कधी द्यायचे ते मात्र बोलले नव्हते.”

सोमवारी अक्षताने दोन्ही पत्रं ईमेलने पाठवली. एकाची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. मंगळवारी सकाळी आई म्हणाली, “बिपी दाखवून येते,” आणि अण्णांची कापडी पिशवी खांद्याला लावली. अक्षताने अर्धी रजा टाकली.

खिडकीत सरुबाईंनी केसपेपर फाडून दिला. चंपाबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला. कोपरा कोरा होता.

“शनवारपासनं शिक्का वर नेलाय,” सरुबाई म्हणाल्या. “आता रोज संध्याकाळी गठ्ठा वर जातो, तिथं मारत्यात.”

अक्षताला हसू आलं नाही. जांभळी शाई एक मजला वर चढली होती, एवढाच फरक.

बाकांवर पंचवीसेक माणसं होती, बहुतेक बायका. चंपाबाई एकेकीशेजारी टेकत, काहीतरी बोलत पुढे सरकत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा आत अपेक्षाच्या जागी दुसरी मुलगी होती, आणखी लहान दिसणारी. दुसऱ्या खुर्चीवर फायली होत्या.

चंपाबाईंनी फायली उचलल्या, टेबलाच्या टोकाला नीट रचल्या, खुर्चीवर पदराने एक फटका मारला आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

“आजी, हात द्या, बिपी बघू.”

“बघ ना. तुझ्याकडूनच बघून घ्यायचंय मला. आधी या खुर्चीवर बसणाऱ्यांना बोलव.”

“सर वर आहेत. येणार नाहीत ते.”

“तू बोलव तर खरं.”

मुलीने फोन लावला. वाजत राहिला. “आजी, मागे लाइन आहे हो.”

“लाइनला विचारूनच आत आलेय. बसतो म्हणाल्या सगळ्या. माझे मिस्टर चाळीस मिनिटं बसले होते, मला संध्याकाळपर्यंत वेळ आहे.” त्या दाराकडे न पाहता म्हणाल्या, “त्यांना सांग, पैसे घेऊन आलेय. तेवढ्यासाठी तरी येतील.”

दारात उभ्या अक्षताला बाक दिसत होते. कुणीही उठलं नव्हतं. एका बाईने पिशवीतून विणकाम काढलं होतं. जिन्याकडे तिने पाहिलं. बावीस पायऱ्या, त्यावर कुणी नाही. आत फोन पुन्हा लागला होता. आईने अण्णांच्या पिशवीतून चेकबुक काढून मांडीवर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसून राहिली.